सात नंबरची बरणी

सोमवार, १२ मार्च १९९०

स्टेशनच्या कपाटात कोरं रजिस्टर सापडलं म्हणून लिहायला बसलो. हे खरं तर गाड्यांच्या उशिराची नोंद करायचं रजिस्टर. पानावर चार रकाने छापलेत: तारीख, गाडी, किती उशीर, कारण. मी त्यांच्यावरून आडवं लिहितोय. एकतीस वर्षं स्टेशनमास्तरकी केली, माझ्यामुळे एकही गाडी चार मिनिटांवर उशिरा सुटली नाही, आणि कुठल्या रेघेच्या बाहेर मी कधी लिहिलं नाही. पण आज जे लिहायचंय ते चार रकान्यांत मावणारं नाही.

झालं असं की मी ड्यूटीवर असताना टपाल आलं आणि ते नेमकं व्लास्ताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातात पडलं. यार्काचं कार्ड! यार्का माझी मेहुणी, व्लास्ताची धाकटी बहीण. अडुसष्टच्या ऑगस्टात आमच्या देशात रशियन रणगाडे आले त्या आठवड्यात ती एक सूटकेस घेऊन व्हिएन्नाला गेली ती गेलीच. आता राजवट बदलली, ऑस्ट्रियाची सरहद्द उघडलीय, तारा कापल्यात, आणि जो उठतो तो व्हिएन्ना बघून येतो. यार्कानं लिहिलंय, 'दोघं या. एकतीस तारखेला, शनिवारी. दहा चाळीसच्या एक्सप्रेसला मी स्यूडबानहोफच्या फलाटावर उभी असेन.'

व्लास्तानं कार्ड जेवणाच्या टेबलावर मीठदाणीला टेकवून ठेवलं होतं.

"जाऊ या ना, बोहूश?"

"जाऊ की," मी म्हणालो, आणि सूप चुकीच्या नळीत गेलं. तिनं पाठीवर थापट्या मारल्या. जरा जोरातच मारल्या.

मंगळवार, १३ मार्च

आता एकदा लिहूनच टाकतो.

रणगाड्यांनंतर, सत्तर साली, कोण सरकारशी एकनिष्ठ आहे हे बघायला आमच्याकडे तपासणी समिती बसली होती. एकेकाला आत बोलवायचे. 'परदेशात नातेवाईक?' 'एक मेहुणी.' 'संबंध?' 'काही नाहीत.' माझ्याआधी आत गेलेला सिग्नलवाला दुसऱ्या दिवसापासून कोळसा उपसायला लागला होता, म्हणजे काय ते समजा. आणि घरी यार्काची पत्रं एकामागून एक येत होती. टपालवाली दहाला यायची, व्लास्ता शाळेच्या स्वयंपाकघरात तीनपर्यंत कामाला असायची. पत्रं मीच घ्यायचो. अकरा आली. एकही फोडलं नाही, दुसऱ्याचं टपाल फोडणं गुन्हा आहे. एकही जाळलं नाही, कारण तिकीट लावून आलेली वस्तू मला जाळवत नाही. आणि एकही व्लास्ताला दिलं नाही. सुतळीनं बांधून स्टेशनवरच्या दिव्यांच्या कपाटात वरच्या खणात ठेवली. आजही तिथंच आहेत.

व्लास्ता विचारायची, "यार्काचं काहीच कसं नाही रे?" मी म्हणायचो, "मोठ्या शहरात गेली, विसरली असेल." हे म्हणताना मला अजिबात बरं वाटत नव्हतं, याची इथं नोंद करतो.

शेवटी पत्रं थांबावीत म्हणून पाकिटाच्या मागचा पत्ता बघून मीच एक पत्र लिहिलं. व्लास्ताच्या नावानं, ऑफिसच्या टाइपरायटरवर. मजकूर पाठ आहे:

'दि. ४ मे १९७०, १४.०५ वा.
१. आम्ही सर्व ठीक आहोत.
२. यापुढे पत्रव्यवहार बंद ठेवावा.
३. कारण समजून घ्यावे.
४. उत्तराची आवश्यकता नाही.
व्लास्ता.'

थोडक्यात आणि मुद्देसूद, बहिणीनं बहिणीला लिहावं तसं. यार्काला कसलाही संशय आला नसणार, कारण त्यानंतर पत्र आलं नाही.

आता दोघी भेटल्या की पहिला प्रश्न हाच निघणार. 'तसं पत्र का गं लिहिलंस?' 'कुठलं पत्र?' की संपलं सगळं. व्लास्ता मला सोडून जाईल. आमची आलेना लग्न होऊन ब्रनोला असते, म्हणजे तिच्यासाठी म्हणून राहण्याचाही प्रश्न नाही. मला साधं अंडं उकडता येत नाही. आणि हे काही अंड्यापुरतं नाहीये. मला तिच्याशिवाय राहता येणार नाही. इतकी वर्षं हे तिला म्हणालो नाही, इथं रजिस्टरला सांगतोय.

शुक्रवार, १६ मार्च

ठरवलं होतं, आज सांगायचंच. कोठीघरात व्लास्ता बटाटे निवडत होती. मी दारात उभा राहिलो, घसा खाकरला.

"काय?" तिनं वर पाहिलं. बटाटा खाली ठेवला, हात ॲप्रनला पुसले, आणि माझ्याकडे तोंड करून नीट बसली. "बोल. मी ऐकतेय."

असं कोणी तयारीनं ऐकायला बसलं की माणसाचं अवसान जातं. मी फळीकडे बघितलं आणि म्हणालो, "सात नंबरची बरणी नाहीये."

हा विषयही गंभीर आहे म्हणा. दर शरद ऋतूत व्लास्ता आलुबुखाराच्या मुरंब्याच्या बारा बरण्या भरते. चिठ्ठ्या मी लिहितो, साल आणि अनुक्रमांक, काळ्या शाईनं. आणि दर वर्षी नाताळच्या आत सात नंबरची बरणी नाहीशी होते. बाकीच्या जागच्या जागी, सातच नेमकी गायब! मला शेजारच्या पाव्हलिचकोवाबाईंचा संशय आहे. त्यांच्याशी मी सहा वर्षं बोलत नाही.

"उंदरानं नेली असेल," व्लास्ता म्हणाली.

"झाकणासकट?"

"हुशार उंदीर असेल." ती पुन्हा बटाट्यांकडे वळली. "एवढंच सांगायचं होतं?"

एवढंच म्हणालो.

दुपारी नेहमीप्रमाणे ९.१२ च्या व्हिएन्ना एक्सप्रेसची चौकशी... नाही, चुकलो, ती सकाळची गोष्ट. डोकं ठिकाणावर नाही. सकाळी एक्सप्रेस पासपोर्ट तपासणीला थांबली होती, तेव्हा डायनिंग कारचा हुलिन्स्की सिगरेट ओढायला फलाटावर उतरला. बिचारा सडाफटिंग माणूस, घरचं खायला मिळत नाही. म्हणून व्लास्ता गेली कित्येक वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या डब्याबरोबर त्याच्यासाठी फडक्यात काहीतरी बांधून देते, ते मी त्याला नेऊन देतो. आत काय असतं मी कधी बघितलं नाही. दुसऱ्याच्या पार्सलात डोकावणं माझ्या तत्त्वात बसत नाही. आजही एक छोटंसं पुडकं दिलं. त्यानं ते पांढऱ्या कोटाच्या आत सरकवलं आणि मला कडक सलाम ठोकला. हा माणूस मला फार मानतो.

मंगळवार, २० मार्च

सापडली वाट! वेळापत्रक हे जगातलं सर्वांत उपयोगी पुस्तक आहे, हे मी नेहमी म्हणतो.

यार्का उभी राहणार स्यूडबानहोफला, कारण एक्सप्रेस तिथं जाते. पण समजा आपण एक्सप्रेसनं गेलोच नाही तर? सकाळी ६.३४ ची पॅसेंजर, गेन्सर्नडॉर्फला बदल, तिथून लोकल, आणि ८.५० ला प्राटरस्टर्न. शहराच्या दुसऱ्या अंगाचं स्टेशन! बाहेर पडलं की समोर तो उंच पाळणा. मग मोठं चर्च, मग राजवाडा, मग ऑपेरा. प्रत्येक ठिकाणाला मिनिटं ठरवून दिली की श्वास घ्यायला वेळ उरणार नाही, तर बहीण कुठली आठवायला? संध्याकाळी परत. यार्काचा पत्ता कार्डावर नव्हता, मी दोनदा बघितलं. चुकामूक होते, माणसांची होतेच.

शुक्रवार, २३ मार्च

व्लास्ताला सांगितलं, पॅसेंजरमधून देखावा चांगला दिसतो.

"बटाट्याच्या शेतांचा?"

"शेतं म्हणजे देखावा नाही का?"

ती पाव कापत होती, कापतच राहिली, दोघांना लागेल त्याच्या दुप्पट कापला. मग म्हणाली, "आणि यार्का? ती स्यूडबानहोफला उभी राहील ना रे बापडी."

"मी तार करतो. प्राटरस्टर्नला ये म्हणून."

"कुठल्या पत्त्यावर?"

इथं मी चपापलो. अकरा पाकिटांच्या मागे लिहिलेला वीस वर्षांपूर्वीचा पत्ता सोडला तर मला कुठला पत्ता माहीत असणार! पण डोकं चाललं. "रेल्वेच्या तारेनं. स्यूडबानहोफच्या स्टेशनमास्तरच्या नावे. ते फलाटावर पुकारतील."

"अस्सं," ती म्हणाली. "रेल्वेचं किती बरं असतं."

तार अर्थातच केली नाही.

बुधवार, २८ मार्च

व्लास्ताचं काहीतरी बिनसलंय. नाही, बिनसलंय म्हणता येणार नाही, ती गाणं गुणगुणतेय. आज म्हणाली, प्राटरस्टर्नहून ओ अक्षराची ट्राम मिळते, ती थेट फावोरिटन भागात जाते. मी म्हटलं, तुला गं काय माहीत? तर म्हणे टीव्हीवर दाखवलं. आमच्याकडे अँटेना वाकडी केली की ऑस्ट्रियाचं चॅनल दिसतं, सगळं गाव बघतं. पण ट्रामचे मार्ग दाखवतात हे मला नवीन होतं. तिचं जर्मनही अलीकडे बरंच सुधारलंय. तेही टीव्हीमुळे. शिवाय तिच्याकडे थोडे ऑस्ट्रियन शिलिंग निघाले. आलेनानं दिले म्हणाली. आलेनाला कुठून मिळाले ते विचारायचं राहिलं.

रात्री नऊला झोपायच्या आधी ती म्हणाली, "बोहूश, शनिवारच्या आत तुला मला काही सांगायचंय का?"

"हो," मी म्हणालो. "छत्री घे."

रविवार, १ एप्रिल

काल काय झालं ते क्रमानं लिहितो. क्रमानं लिहिलं की समजतं असा माझा आजवरचा अनुभव आहे.

पॅसेंजरमध्ये सगळा आमचाच मुलूख लोटला होता. ज्याच्या त्याच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पावाचा चुरा लावून तळलेली श्निट्सेलं, म्हणजे मांसाचे काप, दोन पावांच्या मध्ये घालून, वर लोणच्यातली काकडी. तिकडे खायचं म्हटलं तर कोणाला परवडणार? सात वाजता एकानं पुडी सोडली. एकदा वास सुटला की दुसऱ्याला दम निघत नाही; सव्वासातला अख्खा डबा चावत होता.

सरहद्दीपाशी, जिथं काटेरी तारा होत्या तिथं, आता कुणीतरी शेत नांगरलं होतं. व्लास्ता काचेला नाक लावून बसली होती.

"बोहूश, तू रोज इकडे गाड्या पाठवल्यास. कधी वाटलं नाही, आपणही चढून बसावं?"

"माझं काम पाठवायचं."

"हं. पाठवायचं काम मात्र तू चोख केलंस."

एकतीस वर्षांत तिच्या तोंडून माझ्या नोकरीचं कौतुक पहिल्यांदाच ऐकलं. मी आभार मानले.

प्राटरस्टर्नला फलाटावर कोणी नव्हतं. मी बरंच इकडे तिकडे बघितलं, घड्याळ बघितलं, टाचा उंचावल्या.

"अरेच्चा! यार्का काही दिसत नाही."

"तार पोचली नसेल," व्लास्ता म्हणाली.

"पोस्टाचं हल्ली काही खरं नाही."

"खरंच नाही. पत्रंच्या पत्रं गहाळ होतात म्हणे." आणि ती पिशवी उचलून चालायला लागली. बहीण भेटली नाही म्हणून डोळ्यांत पाणी येईल, मी समजूत घालीन, अशी माझी तयारी होती. तिनं तर पाळण्याची तिकिटं काढली, स्वतःच्या शिलिंगांतून.

पाळणा म्हणजे काय, लाकडी खोलीच ती, आगगाडीच्या डब्याएवढी. आमच्याबरोबर आमच्याकडचेच दहा-बारा जण होते. हळूहळू वर गेलो. सगळं शहर खाली पसरलं, आणि व्लास्तानं माझा हात धरला. कधी धरला होता यापूर्वी तेही आठवत नाही.

"इथून सगळं दिसतं बघ," ती म्हणाली. "काही सांगायचं असेल तर सांग, बोहूश. इतक्या उंचावर कोणी कोणावर रागावत नाही."

शपथेवर लिहितो, शब्द ओठांपर्यंत आले होते. तिचा हात गरम होता. बाजूला एक म्हातारा काकडी खात होता आणि आमच्याकडेच बघत होता. मी म्हणालो, "ते बघ तिकडे, मालगाड्यांचं यार्ड."

तिनं बघितलं. "मोठं आहे," म्हणाली, आणि हात सोडला.

मोठं चर्च बावीस मिनिटांत उरकलं. राजवाडा बाहेरून. ऑपेरासमोरच्या बाकावर बसून आमची श्निट्सेलं खाल्ली. शेजारच्या तिन्ही बाकांवर आमच्याच भाषेत चावणं चाललं होतं. एक व्हिएन्नावाली बाई कुत्र्याला घेऊन गेली, कुत्रं थांबलं, बाई थांबली नाही. दुकानांच्या काचांसमोर आमचे लोक म्युझियममध्ये असल्यासारखे हात पाठीमागे बांधून उभे होते. मीही एक कॉफीयंत्र बरीच मिनिटं बघितलं. तीन वाजले. ठरल्याप्रमाणे सगळं पार पडत होतं आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मी व्लास्ताला म्हणालो, "बघ, वेळापत्रक असलं की कसं सगळं छान होतं."

"माझे पाय दुखताहेत," ती म्हणाली. "ट्राममध्ये बसू या."

तिनं एका कोपऱ्यावर मला उभं केलं, दोन ट्राम सोडून दिल्या, तिसरीत चढवलं. ओ अक्षराची. मी म्हटलं, ही कुठं जाते? म्हणाली, "बघू या की. सहलीला आलोय." पण ती बघत मुळीच नव्हती. मांडीवर पिशवी धरून थांबे मोजत होती. एका ठिकाणी घंटेचं बटण दाबून मला उतरवलं, दोन गल्ल्या वळली, एकही पाटी न वाचता एका करड्या इमारतीत शिरली आणि जिना चढू लागली. तिसऱ्या मजल्यावर दारावर पितळी पाटी होती, त्यावर व्लास्ताचं माहेरचं आडनाव. नेचासोवा.

 व्लास्ताचं बोट घंटेवर होतं, पण तिनं ती दाबली नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"व्लास्ता, थांब. तुला एक सांगायचंय."

"सांग." तिचा आवाज इतका मऊ मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. "सांग, बोहूश. मी थांबलेय."

मी भिंतीला हात टेकला. "मी तार केली नव्हती."

"आणि?"

"आणि... नाही. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं डोळे मिटले. मग घंटा दाबली.

दार उघडलं तेव्हा मला वाटलं होतं किंकाळ्या होतील, वीस वर्षांनी भेटणाऱ्या बहिणी जशा गळ्यात पडतात तशा पडतील. गळ्यात पडल्या, रडल्याही. पण यार्का पहिलं वाक्य म्हणाली ते हे: "चार म्हणाली होतीस, चारला पाच कमी आहेत. हा बाबा वेळेचा पक्का आहे हं." मग माझ्याकडे वळून, "या, भाऊजी. तुमच्यासाठी स्यूडबानहोफला जायची तसदी घेतली नाही. माफ करा."

माझ्या डोक्यात काही शिरेना. स्वयंपाकघरात तीन ताटं मांडली होती. आणि खिडकीवरच्या फळीवर बरण्या. धुऊन पुसून ओळीनं लावलेल्या, एकोणीस. शेवटचीत तळाशी थोडा मुरंबा होता. प्रत्येकीवर चिठ्ठी, काळ्या शाईत. १९७१/७. १९७२/७. १९७३/७. अशा एकोणनव्वदपर्यंत. अक्षर माझं.

मी उभ्यानंच त्या सगळ्या वाचल्या. खुर्ची कोणी सरकवली माहीत नाही.

"सुंदर अक्षर आहे तुमचं, भाऊजी," यार्का म्हणाली. "मग हे टाइप करायला कशाला गेलात?" आणि तिनं खणातून तो कागद काढून माझ्या ताटात ठेवला. चार मे एकोणीसशे सत्तर, चौदा वाजून पाच मिनिटं. "माझ्या बहिणीनं जन्मात बाजाराच्या यादीला नंबर घातले नाहीत. आणि रडत-रडत पत्र लिहिणारी बाई घड्याळ बघते का हो? मी एक दिवस चिडले, दुसऱ्या दिवशी इतकी हसले की कपडे शिवायच्या मशीनवरून पडायची राहिले. मग स्यूडबानहोफला गेले आणि तुमच्या गाडीच्या डायनिंग कारमध्ये एक भला माणूस गाठला. माझी पहिली चिठ्ठी त्यानं शाळेच्या स्वयंपाकघरात पोचवली."

हुलिन्स्की! आणि फडक्यातली पुडकी! महिन्या-दोन महिन्यांनी पत्र, शरदात बरणी, आणि तो मला परत द्यायचा त्या फडक्याच्या घडीत यार्काचं उत्तर. समितीच्या भीतीनं मी अकरा पत्रं दडवली, आणि नंतरची एकोणीस वर्षं तसलीच पत्रं माझ्या हातानं गाडीत चढवून, लाल टोपी नीट करून, गाडीला हिरवी पाटी दाखवली. पकडले गेलो असतो तर मी जेलमध्ये गेलो असतो! हे मी बोललो. बोलायला नको होतं.

"तू गेला नसतास," व्लास्ता म्हणाली. "तुझ्यावर कोण संशय घेणार? तुझ्याइतका घाबरट माणूस सगळ्या लाइनवर नव्हता."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी?" ती उठून उभी राहिली. "मी सांगायचं? चौऱ्याहत्तर साली तुझा विसरलेला डबा घेऊन स्टेशनवर आले, तू फलाटावर होतास, अंधारलं होतं म्हणून दिवा घ्यायला कपाट उघडलं. वरच्या खणात पुडकं. प्रत्येकावर माझं नाव. हात लावला नाही मी. ठेवलं तसंच. म्हटलं, त्यानं लपवलंय, तोच आणून देईल. दर नाताळला वाटायचं, यंदा झाडाखाली ठेवेल. सोळा नाताळ गेले, बोहूश. तू मला हातमोजे दिलेस."

 मी जेवलो. त्या दोघी जेवल्या नाहीत.

गाडीची वेळ झाली तेव्हा व्लास्तानं कोट घातला नाही. "मी राहतेय इथं."

"किती दिवस?"

"वेळापत्रक नाही काढलेलं," ती म्हणाली.

सोमवार, २ एप्रिल

अंडं उकडायला ठेवलं, फुटलं. दुसरं ठेवलं, तेही फुटलं.

९.१२ ला हुलिन्स्की उतरला. विचारलं, "हुलिन्स्की, तुला कधी वाटलं नाही मला सांगावं?"

त्याच्या तोंडातली सिगरेट खाली पडली. "म्हणजे? मास्तर, तुम्हाला माहीत नव्हतं? अहो, तुम्हीच तर आणून द्यायचात! पोलिसांच्या नाकासमोर, बिनधास्त, चेहऱ्यावरची रेष न हलवता. मी आमच्या सगळ्या स्टाफला सांगायचो, छाती असावी तर या माणसाची." तो माझ्याकडे बघत राहिला. "म्हणून तर सलाम ठोकायचो."

जाताना त्यानं सलाम केला नाही. मान हलवली नुसती.

घरी जाताना पाव्हलिचकोवाबाई दिसल्या. त्यांना नमस्कार केला. त्या घाबरून आत गेल्या.

बुधवार, ४ एप्रिल

दिव्यांच्या कपाटासमोर तीनदा जाऊन उभा राहिलो. उघडलं नाही. घर इतकं शांत आहे की फळीवरच्या बरण्या मोजल्या. मग आपण काय करतोय हे लक्षात आलं आणि लाज वाटली. व्लास्ता आली नाही तर मी काय करू? निवृत्तीला बारा महिने राहिलेत. तेवढे मोजेन, पण पुढं काय मोजू?

गुरुवार, ५ एप्रिल

संध्याकाळच्या परतीच्या एक्सप्रेसनं हुलिन्स्की आला आणि माझ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं. "मास्तर, या वेळी तुमच्या नावे आहे."

मी ड्यूटी संपेपर्यंत थांबलो नाही, तिथंच सोडलं. १९८९/७. रिकामी, धुतलेली, आणि आत घडी घातलेला कागद. अक्षर व्लास्ताचं.

'दि. ४ एप्रिल १९९०, १४.०५ वा.
१. शनिवारी दहा चाळीसच्या एक्सप्रेसनं ये. स्यूडबानहोफला. प्राटरस्टर्नला उतरलास तर तिथंच राहा.
२. दिव्यांच्या कपाटातलं पुडकं आण. न उघडता.
३. अकराही पत्रं तू मोठ्यानं वाचून दाखवायचीस. आम्ही दोघी ऐकू.
४. घरी परत यायचं की नाही, ते अकरावं वाचून झाल्यावर ठरवीन.
व्लास्ता.'

फलाटावर उभ्यानं वाचलं. कोणी बघत असेल तर असो, मी टोपी काढली आणि टोपीनंच तोंड पुसलं.

शनिवार, ७ एप्रिल

एक्सप्रेसमध्ये बसून लिहितोय, म्हणून अक्षर हलतंय.

माझ्या जागी आज बदली माणूस होता. त्यानं गाडीला हिरवी पाटी दाखवली तेव्हा मी खिडकीत होतो. त्यानं मला ओळखलं, हसला. आपण गाडीत आणि फलाट मागं सरकतोय, हे विचित्र वाटतं. पुडकं कोटाच्या आत आहे. सुतळी सोडलेली नाही. दिव्यांच्या तेलाचा वास येतोय त्याला.

हुलिन्स्की कॉफी घेऊन आला. "आज काय माल, मास्तर?"

"बायकोची पत्रं."

"उशीर झाला थोडा," तो म्हणाला, आणि कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

उशिरावरून आठवलं. हे रजिस्टर ज्यासाठी छापलंय तसं ते मी एकदाही भरलेलं नाही, म्हणून आता भरतो. तारीख: ७ एप्रिल १९९०. गाडी: व्हिएन्ना एक्सप्रेस. किती उशीर: वीस वर्षं. कारण: इथं आधी 'तत्कालीन परिस्थिती' लिहिलं आणि खोडलं. मग 'समिती' लिहिलं, तेही खोडलं. रकाना छोटा आहे, त्यात फार काही मावत नाही. 'मी' लिहिलं.

दहा अडतीस. गाडी वेळेवर शिरतेय. फलाटावर दोघी दिसताहेत, यार्का हात हलवतेय, व्लास्ता नाही. ती डब्यांचे नंबर बघत चालत येतेय. पुडकं कोटाच्या आतून काढून हातात धरतो, म्हणजे तिला लांबून दिसेल.